दूधविनायकातलं गवत कापायचं मशीन

काशी, मंगळवार

तीर्थरूप प्रमोदिनीवन्संना दूधविनायकाहून शरदिनीचा वाकून नमस्कार.

तर पाणी भरून झालं होतं, दूध तापवून झालं होतं (उतूही गेलं होतं, खोटं कशाला लिहू), हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती आणि मी गच्चीवर बसून तुळशीचा कट्टा घासत होते. त्यासाठी माझ्याकडे एक काळा, जाळीदार स्पंज होता. तीन वर्षं घासत होते, पण झिजायचं नाव नाही, आणि शेवाळ तर असं निघे की बघत राहावं. गेल्याच्या गेल्या शनिवारची सकाळ होती, माकडं अजून बालाजी घाटाच्या बाजूलाच होती, आणि मला वाटत होतं की आजचा दिवस बरा जाणार. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या ढुंढिराजशास्त्रींनी जिन्यातून हाक मारली आणि सांगितलं, की काल आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत ते माझ्या वतीने 'हो' म्हणून आले आहेत. कशाला हो, ते विचारेपर्यंत ते स्नानाला निघूनसुद्धा गेले. ते परत येईपर्यंत दोन तास मी कट्टाच घासत बसले. इतका स्वच्छ तो सासूबाईंच्या वेळीही नसेल.

हे मी मधूनच सुरू केलं. आधी तुमची प्रकृती विचारायला हवी होती. गुडघे कसे आहेत? तिळाचं तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता? भावजींची साखर आटोक्यात असेल आणि ते चोरून पेढे खात नसतील, असं मी धरून चालते. अमरावतीला रात्री गारवा पडू लागला असेल, तर कान बांधून निजावं. माझं ठीक आहे. डोळ्यांना चष्मा आहे, दाढ काढली, बाकी जागच्या जागी. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. वन्सं, फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते, हा आपला चाळीस वर्षांचा रिवाज आहे. ह्या खेपेला मला बोलायचं आहे, आणि कागदावर मधे कुणाला तोंड घालता येत नाही.

मैदागिनच्या पुढचं मंडळाचं आवार मामंजींनी मंडळाला दिलं, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. पण सभागृहासमोरचा हिरवा चौकोन तुमच्या भावाचा. विद्यापीठाच्या बागखात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर ह्यांनी दोन कामं केली. त्या चौकोनात दूर्वा लावल्या, आणि खात्याने मोडीत काढलेलं पेट्रोलचं गवत कापायचं मशीन लिलावात घेतलं. (तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की श्रीरामला निवृत्तीनंतर भगवद्गीता मिळेल असं वाटलं होतं, मिळालं मशीन. मी विसरलेले नाही.) दर रविवारी सकाळी हे जात, गवत कापत आणि अंगाला हिरवा वास घेऊन घरी येत. सगळ्या मराठी घरांतल्या बायका चतुर्थीला तिथून दूर्वा न्यायच्या. हे गेले, आणि तेरावं झाल्यावर आठवड्याच्या आत मंडळाचा चिटणीस यज्ञेश याने मशीन ठेल्यावर घालून माझ्याकडे पाठवून दिलं, कारण कोठीत खुर्च्यांना जागा हवी होती. तेव्हापासून ते आमच्या जिन्याखाली होतं. दूधविनायकाच्या गल्लीत गवत फक्त भिंतीच्या भेगांतून उगवतं, तेही गायी आम्हाला दिसायच्या आत खाऊन टाकतात. अशा गल्लीत पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन बाळगणारी मी एकटीच असेन.

आता शास्त्रीबुवा कशाला हो म्हणाले ते. तीन पावसाळे गवत कुणी कापलं नाही. ते गुडघ्याच्या वर गेलं, त्यात ह्या वर्षी कुणालातरी धामण दिसली (माझा अंदाज, पाण्याची नळी दिसली), आणि यज्ञेशने ठराव मांडला की सगळं उपटून तिथे रंगीत सिमेंटच्या टाइल्स बसवाव्यात. म्हणजे लग्नाच्या पंगती बसतील, चिखल होणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शास्त्रीबुवा एकटे उठले आणि म्हणाले की श्रीरामचं मशीन अजून जिवंत आहे, वहिनी आठ दिवसांत गवत कापून देतील. यज्ञेश मुलगा वाईट नाही, पण बँकेत आहे, त्याला तारीख लागते. तो म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या रविवारची सभा तिथेच भरवू. गवत कापलेलं असलं तर हिरवळीचा विचार करू. नसलं तर सोमवारी टाइलवाला येतो."

हे ऐकल्यावर मी काय केलं असेल? शास्त्रीबुवांना चहासुद्धा विचारला नाही. मशीनला मी आजवर हात लावला होता तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. हे दर नवमीला त्याची पूजा करत, पाना-पक्कड शेजारी मांडून. ते गेल्यावर मीही करत आले. तिन्ही वर्षं केली, परवाच्या नवमीलासुद्धा. करंडा घरात आता तेवढ्यापुरताच उघडतो. पूजा मला येत होती, चालवणं येत नव्हतं. शेवटी ह्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक सापडलं. मी सातवीपर्यंत शिकले, हे तुम्ही लग्नात वऱ्हाडाला सांगितलंच होतं. पुढचं सगळं मंडळाच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवर, आणि इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे मला एका शब्दाचे पाच अर्थ दिसतात आणि पाचही खरे वाटतात. शनिवार-रविवार मी ते पुस्तक वाचलं. वरण दोनदा लागलं. पण चोक म्हणजे काय ते मला कळलं, आणि तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते, कारण पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे.

थंडीत तूप थिजतं. चमचाभर घेतलं तर अर्धं चमच्यालाच चिकटून राहतं, पानावर पडतं अर्धं. म्हणून आपण दोन चमचे घेतो. थंड इंजिनात पेट्रोलचं तसंच होतं. जळायला त्याची वाफ व्हावी लागते, आणि थंडपणी थोड्याचीच वाफ होते, बाकी ओलंच्या ओलं बसून राहतं. म्हणून सुरू करताना नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल आत जावं लागतं. ते कसं न्यायचं? इंजिन हवा ओढून घेतं त्या नळीत एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथून वर येतं. नळीच्या तोंडाशी एक गोल झाकण असतं. कळ फिरवली की झाकण लागतं, हवा अडते, इंजिन मात्र जोर करून ओढतच राहतं, आणि हवा नाही तर पेट्रोल जास्त ओढून घेतं. (लस्सी नळीने पिताना वर नुसता फेस आला, तर आपण नळी खाली दाबून जोर लावतो, तेव्हा दाट लस्सी येते, साधारण तसं.) हे झाकण म्हणजे चोक. पण इंजिन एकदा तापलं की सगळ्याच पेट्रोलची वाफ होऊ लागते. मग तेच जास्त झालेलं पेट्रोल त्याला सोसत नाही. तेव्हा झाकण उघडायचं आणि हवा येऊ द्यायची. नाही उघडलं, तर काळा धूर, खोकला, आणि बंद. एवढंच आहे. बत्तीस वर्षं हे मला सांगत होते आणि मी 'भाजीत मीठ घालू का' असं विचारत होते.

सोमवारी सकाळी पहिली अडचण पेट्रोलची. टाकीतलं जुनं पेट्रोल कुजकट वासाचं झालं होतं, ते काढून टाकलं. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, गाडीतच देतात. मग शास्त्रीबुवा म्हणाले की मशीनला चाकं आहेत, तेव्हा ती गाडीच. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि पुढे निघाले. मागे मी मशीन ढकलत, नऊवारी नाही म्हणून बरं. आपली गल्ली तुम्हाला माहीत आहे, समोरून सांड आला की आपण कुणाच्यातरी ओट्यावर. सांड आला. मशीन ओट्यावर चढेना, तेव्हा सांडच विचार करून मागे गेला. नवमीचं हळदकुंकू अजून मशीनवर ताजं होतं, झेंडूची माळही होती, आणि पुढे शास्त्रीबुवा "हटो भैया, हटो" करत होते. दक्षिणेकडचे यात्रेकरू चालले होते, त्यांना वाटलं काहीतरी मिरवणूक आहे. एका आजीबाईंनी मशीनला हात लावून डोळ्यांना लावला, मग त्यांच्यामागच्या पंधरा जणांनी. शास्त्रीबुवांनी त्यांना अडवलं नाही, वर आशीर्वादही दिला. मी त्यांना नंतर विचारलं, हा कुठला आशीर्वाद? म्हणाले, "वहिनी, नमस्कार केला की तो कुठेतरी पोचतोच. त्यात आपण कशाला लक्ष घालायचं?"

पंपावर आम्ही मोटारसायकलींच्या रांगेत उभे राहिलो. आमच्या मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. नळी धरणाऱ्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नंबर प्लेट कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, हे रस्त्यावर चालत नाही, गवतावर चालतं. त्याने गवत कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, तेच वाचवायला चालले आहे. त्याने पेट्रोल भरलं. बनारसमध्ये एवढं उत्तर पुरतं.

मंडळाच्या आवारात गेलो. मी पुस्तकाप्रमाणे चोकची कळ 'बंद'कडे वळवली. दोरी शास्त्रीबुवांनी ओढली (घनपाठी माणूस, फुप्फुसात दम आहे, हातात तितका नाही). पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला शिंक आल्यासारखं. तिसऱ्या ओढीला, वन्सं, ते सुरू झालं. तोच आवाज. मी रविवारी सकाळी तो आवाज कधी ऐकला नव्हता, कारण हे मंडळात असत आणि मी स्वयंपाकघरात. तरी मला तो ओळखीचा वाटला. मी कळ फिरवून चोक उघडला. मिनिटभर ठीक चाललं, मग इंजिन खोकायला लागलं, काळा धूर आला आणि बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुरू होई, मिनिटभर चाले, धूर काढून मरे.

इथे आमचं भांडण झालं. चोक म्हणजे काय ते मी शास्त्रीबुवांना समजावून सांगितलं होतं, ती माझी चूक. त्यांनी लगेच ओळखलं की हा प्राणायाम आहे. हवा अडवणं म्हणजे कुंभक, सोडणं म्हणजे रेचक, आणि मी कुंभक पुरा व्हायच्या आत रेचक करते आहे म्हणून बिघडतं आहे. पुढच्या वेळी त्यांनी चोक स्वतःकडे घेतला आणि मनात चौसष्टपर्यंत मोजू लागले. मशीन थरथरतं आहे, धूर ओकतं आहे, आवार काळं झालं आहे, आणि हे डोळे मिटून मोजताहेत. मी म्हटलं, "अहो शास्त्रीबुवा, सोडा त्याला, जीव चाललाय त्याचा." ते डोळे न उघडता म्हणाले, "घाई करू नका वहिनी, अजून बत्तीस आहेत." चाळीसला ते मेलं. मग इतक्या ओढी झाल्या की आत पेट्रोल साचलं, वास सुटला, ठिणगीची खुंटी, म्हणजे स्पार्क प्लग, काढली तर ती ओली चिंब. पुस्तकात लिहिलं होतं तसं ती पुसली, वाळवली, चोक उघडा ठेवून दोरी चारदा ओढून आतलं जास्तीचं पेट्रोल उडवलं. मंगळवारी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. मंगळवारी संध्याकाळी परत येताना आम्ही दोघं बोलत नव्हतो. रविवार पाच दिवसांवर आला होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की टाइल्सचा रंग तरी बघून घ्यावा.

बुधवारी देवाची कृपा म्हणावी तर ती भाड्याच्या जनरेटरवर बसून आली. लग्नकार्यात जनरेटर पुरवणारा छेदी मंडळात आपल्या वायरी घ्यायला आला होता. त्याच्या छोट्या जनरेटरलाही असाच चोक असतो, रोज थंडीत सुरू करणं हाच त्याचा धंदा. आमचे चेहरे बघून तो थांबला. सुरू होतं आणि तापलं की मरतं, एवढं ऐकून म्हणाला, चोक खुलत नाही. मी कळ फिरवून दाखवली. तो म्हणाला, अम्मा, ही कळ फिरते, आतलं ढक्कन फिरतं आहे का ते कुणी पाहिलं? कुणीच पाहिलं नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात ते झाकण हवेच्या गाळणीच्या आत, दिसणार नाही असं दाखवलं आहे, म्हणून मी त्याला शोधलंच नाही. छेदी खाली वाकला, बोटाने काहीतरी खरवडलं, ते चिमटीत धरून उजेडात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अम्मा, इसको चावल कौन खिलाया?"

वन्सं, त्या मशीनच्या अंगावर एक वाटोळी, पितळी, रुपयापेक्षा थोडी मोठी तबकडी आहे. पुढून अगदी मधोमध. मशीनला कपाळ असेल तर ते हेच, असं मला पहिल्याच नवमीला वाटलं, आणि मी तिथे हळद लावली, कुंकू लावलं, तुपात भिजवलेल्या अक्षता लावल्या. तीन वर्षं लावल्या. ती तबकडी म्हणजे चोक. तूप वाळलं, कुंकू बसलं, तांदूळ कडांत जाऊन रुतले आणि झाकण जागच्या जागी घट्ट चिकटलं. कळ फिरे तेव्हा बाहेरची तार नुसती वाकत होती. मी दर वर्षी भक्तीने त्याचं नाक बंद करत होते. शास्त्रीबुवांना मी एक शब्द बोलू दिला नाही, पण ते बोलणार नव्हतेच. तोंडात उपरण्याचा बोळा धरून ते सभागृहाच्या खांबामागे गेले होते आणि त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

छेदीने सुई आणि पेट्रोलने सगळं साफ केलं. झाकण उघडलं, मिटलं, उघडलं. मग त्याने विचारलं, ह्याच्यापुढची गाळणी कुठे गेली? ती असती तर तुमचा हात तिथे पोचलाच नसता. मी म्हटलं, कसली गाळणी? तो म्हणाला, स्पंज असतो, काळा, जाळीदार, एवढा. त्याने हातांनी आकार दाखवला.

ई-रिक्षा करून गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथून घरी चालत. ह्यांनी त्यांच्या शेवटच्या शनिवारी गाळणी साबणाने धुवायला घरी आणली होती. धूळ आत जाऊ नये म्हणून चोकचं झाकण लावून ठेवलं असणार, ते नेहमीच ठेवत असतील. गच्चीवर तारेवर वाळत घातली होती, रविवारी नेऊन बसवायची होती. रविवारी पहाटे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे मी गच्ची आवरायला गेले तेव्हा तारेवर एक स्पंज होता. चांगला दिसला, ठेवून घेतला. एवढंच झालं. तुळशीपाशी बसून तो धुताना त्यातून तीन वर्षांचं शेवाळ निघत राहिलं, आणि मला वाटलं की हे काम त्यांनी अर्धं सोडलं नव्हतं. अर्धं माझ्या हाती दिलं होतं, मी ते भलतीकडे वापरलं. मग उठले, कारण छेदीला चार वाजता एका बारशाला जायचं होतं.

गाळणी बसली. छेदीने तिला इंजिनाच्या तेलाचा एक थेंब लावला. चोक मिटला, दोरी ओढली, दोन ओढींत सुरू, मोजून पंधरा सेकंदांनी मी चोक हळूहळू उघडला, आणि ते चालत राहिलं. चालतच राहिलं. धूर नाही, खोकला नाही. (दोन-चार तांदूळ आत गेलेच असतील. इंजिनाने मनावर घेतलं नाही.) शास्त्रीबुवांनी मान्य केलं की पंधरा सेकंदांचाही कुंभक असू शकतो, नवशिक्याला.

पण गुडघाभर गवत मशीन एकदम खात नाही, आधी वरचं विळ्याने काढावं लागतं. गुरुवारी मी विळा घेऊन गेले, तर तिथे यज्ञेशची बायको कस्तुरी हजर, दोन विळे आणि पाण्याची बाटली घेऊन. नवऱ्याला भाजी आणायला जाते म्हणून सांगून आली होती. मी विचारलं, अगं, नवरा टाइल्स म्हणतो आहे. ती म्हणाली, "काकू, त्यांना टाइल्स घालू दे ना बाथरूममध्ये. माझी रुची इथेच रांगायला शिकली." आम्ही दोघींनी दिवसभर कापलं. धामण निघाली नाही, नळी निघाली. शुक्रवारी आणि शनिवारी मशीन फिरलं. माझ्या रेघा वाकड्या आल्या आहेत, ह्यांच्या दोरीसारख्या असत. शास्त्रीबुवा मागून कापलेल्या दूर्वा वेचत होते आणि हळहळत होते की एवढ्यात तर गणपतीची सहस्रावर्तनं झाली असती. आणि खालून, वन्सं, मुळाशी अजून सगळं हिरवं होतं. तीन वर्षं उंच वाढूनसुद्धा खाली चटई तशीच होती. मी चप्पल काढून बघितलं.

रविवारी सभा झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, पण दहा मिनिटांत कुणी खुर्चीवर नव्हतं. पेन्शनर मंडळी मांडी घालून बसली, एक जण तर आडवे झाले आणि अहवालवाचनात घोरले. बायकांनी बसल्या जागी चतुर्थीच्या दूर्वा खुडायला सुरुवात केली. यज्ञेशने बूट काढले, मग मोजे, मग भाषण आखूड केलं. निर्णय मात्र महिनाभर पुढे गेला. का, ते खाली लिहिते. मला वाटतं हिरवळ राहील. मला पुष्कळ वाटतं.

थकला असाल वाचून. भावजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्यांना जपा, आणि रागावला असाल तर अजून थोडं थांबा, कारण रागवायचं पुढे आहे.

तुमची
शरदिनी

ता. क. : इथलं आवळ्याचं लोणचं ह्या वर्षी बरं जमलं आहे. बरणी पाठवते आहे. ती लाच नाही.

ता. क. दुसरा : लाच आहे. सभेत सगळं जमत आलं असताना यज्ञेशने बिचकतच एक कागद काढला. म्हणाला, काकू, माफ करा, पण ज्यांनी जागा दिली त्यांच्या घरचं हे पत्र आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वीचं, खाली तुमची सही. वडिलांनी दिलेल्या जागेत टाइल्स घालायला माझी हरकत नाही, गवताची देखभाल आता कुणी करणार नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. मला सांगितलं नव्हतंत. मी रागावलेले नाही. (होते, रविवारी पाच ते साडेसात.) तुम्ही लिहिलंत ते तेव्हा खरंच होतं. कुणी करत नव्हतं, मीही नाही. पण त्या क्षणी मी उभी राहिले आणि म्हणाले की वन्संचं मत बदललं आहे, तसं नवं पत्र आलं आहे, घरी आहे. मंडळात मी आजवर खोटं बोलले नाही, म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. यज्ञेश म्हणाला, महिन्याच्या आत आणून द्या, टाइल्सचा विषय कायमचा बंद. शास्त्रीबुवा म्हणाले, मी ते पत्र पाहिलं आहे. तेव्हा आता आम्ही दोघं अडकलो आहोत.

सोबत एक कागद जोडला आहे. तुमच्याच थाटात लिहिला आहे, 'माझ्या मते' तीनदा घातलं आहे. पटलं तर सही करून पाठवा. नाही पटलं तर पाठवू नका, पण मग स्वतः या, अनवाणी त्यावर दोन फेऱ्या मारा आणि सभेत स्वतः सांगा. तेही मी मान्य करीन. वन्सं, घरात त्यांचे कपडे आहेत, चष्मा आहे, ट्रंक आहे. त्यांचं ह्या गावात अजून वाढणारं असं एवढंच उरलं आहे.

ता. क. तिसरा : सभेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सोमवारी, सकाळी सात वाजता मी एकटी मंडळात गेले. कोठीत खुर्च्यांशेजारी ठेवलेलं मशीन बाहेर काढलं, चोक लावला, दोरी ओढली. चौथ्या ओढीला सुरू झालं. तापू दिलं, चोक उघडला, आणि भिंतीलगतची राहिलेली पट्टी कापली.